प्रिंटर बिघडलेला नाही, आधी प्लगची तिसरी पिन बघा

डोंबिवलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. तो थोडक्यात असा: बंद पडलेल्या एका शाळेच्या संगणक खोलीतलं सामान भंगारात निघालं होतं, त्यातून त्यांनी एक बीबीसी मायक्रो, मॉडेल बी, हा जुना संगणक उचलून आणला. चालू केला तर दोन सुरांचा बीप झाला आणि पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ आणि त्याखाली ‘बेसिक’ एवढंच आलं. ओळखीच्या मेडिकलवाल्याने जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दिला. तो जोडून प्रोग्रामची लिस्टिंग छापायला गेले तर सगळा मजकूर एकाच ओळीवर, एकावर एक, काळाकुट्ट. शिवाय प्रिंटरच्या मागच्या कनेक्टरच्या धातूला बोट लागलं की झिणझिण्या येतात. दुकानदार म्हणाला, हेड गेलंय. आता यांना नवा प्रिंटर घ्यायचा आहे, फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह चालवायचा आहे, आणि यंदा गणपतीच्या मखरातले दिवे याच मशीनवरून नाचवायचे आहेत. प्रश्न एकच विचारलाय: ‘कुठली केबल घेऊ?’

केबलचं नंतर बघू. तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. एक अगदी किरकोळ आहे, एक ओळ टाईप केली की संपेल. दुसरं मात्र मशीन मारू शकतं, आणि त्याचा प्रिंटरशी काही संबंध नाही. तो तुमच्या भिंतीतला दोष आहे.

किरकोळ आधी संपवतो. हेड गेलं असतं तर अक्षरांत आडवी पांढरी रेघ दिसली असती, कारण नऊपैकी एखादी पिन मारत नाही. तुमची अक्षरं पूर्ण उमटतायत, फक्त कागद पुढे सरकत नाही. हेड डावीकडे परत येतं आणि त्याच ओळीवर पुन्हा छापतं. बीबीसी मायक्रो चालू होताना असं धरून चालतो की ओळ संपल्यावर कागद सरकवणं प्रिंटर स्वतःच करेल, म्हणून ‘लाइन फीड’चा १० नंबरचा कोड तो प्रिंटरकडे जाऊच देत नाही. तुम्ही तारा चिन्ह (*), त्याला लागून एफएक्स आणि मग ६,० असं टाईप करा (अर्थात इंग्रजी अक्षरांत; इथे मी उच्चार लिहितोय). मग कंट्रोल आणि बी दाबलं की प्रिंटर चालू, कंट्रोल आणि सी दाबलं की बंद. ओळी सुटसुटीत येतील. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की ही आज्ञा परत द्यावी लागते. दुसरा रस्ता म्हणजे प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ऑटो लाइन फीड चालू करणं. दोन्ही एकदम मात्र करू नका, नाहीतर दोन ओळींमध्ये एक कोरी ओळ सुटेल आणि तुम्ही पुन्हा मला विचाराल.

मेडिकलवाल्याचा प्रिंटर परत देऊ नका. टीव्हीएसचा एमएसपी असो की एप्सनचा एलएक्स, ज्याच्या पाठीवर ३६ पिनांचा रुंद पॅरलल कनेक्टर आहे तो सोन्यासारखा. नव्या प्रिंटरच्या नादाला लागलात तर नुसत्या यूएसबीवाला गळ्यात पडेल.

आता झिणझिण्या. हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला सगळ्या प्रश्नात तेच महत्त्वाचं वाटलं.

प्रिंटरच्या आणि संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या तोंडाशी गाळणी असते. फेजपासून बॉडीला एक छोटा कपॅसिटर आणि न्यूट्रलपासून बॉडीला दुसरा. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा चिमूटभर करंट जमिनीत निघून जातो, तुम्हाला कळतही नाही. अर्थिंग नसेल तर बॉडी दोघांच्या मधोमध लोंबकळत राहते, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा असतो म्हणून माणूस मरत नाही, झिणझिण्यांवर भागतं. पण चिप माणसापेक्षा नाजूक. चालू मशीनला चालू प्रिंटरची केबल खुपसली आणि ग्राउंडच्या पिनेआधी डेटाची पिन टेकली, तर तो सगळा साठा त्या एका पिनेतून आत जातो.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. परळच्या चाळीत राहत होतो तेव्हा आमच्या खोलीत तीन पिनांचं सॉकेट होतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. नुसती शोभा. एका रात्री घाईघाईत, दोन्ही यंत्रं चालू असताना, मी प्रिंटरची केबल लावली. ठिणगी दिसली नाही, आवाज आला नाही, छपाईही सुरू झाली. फक्त बीबीसी असं छापलं की कागदावर बीबीबी यायचं. एमच्या जागी एल, ए च्या जागी ते ईमेलमधलं @ चिन्ह, आणि आर, टी, एच मात्र शाबूत. अर्धा तास डोकं खाजवलं. मग कागदावर कोड मांडले: सी म्हणजे ६७, बी म्हणजे ६६, एम ७७, एल ७६, ए ६५, @ ६४. विषम आकडा एकाने खाली येतोय, सम तसाच राहतोय. म्हणजे सर्वात खालचा बिट कायमचा शून्यावर चिकटला. प्रिंटर पोर्टच्या डेटा लायनींवर एक बफर चिप असते, ७४एलएस२४४, तिचा एक दरवाजा मेला होता. वीस पायांची चिप डिसोल्डर करून सॉकेट बसवण्यात अख्खा रविवार गेला. तेव्हापासून माझ्या टेबलावर नियम आहे: केबल लावताना दोन्ही प्लग भिंतीबाहेर. स्विच बंद करून भागत नाही, प्लगच बाहेर.

तुम्ही काय करायचं हे तुमच्या इमारतीवर अवलंबून आहे. नव्या इमारतीत अर्थिंग बहुधा असतं, फक्त तुमचा एक्स्टेन्शन बोर्ड दोन पिनांचा असेल किंवा कुणीतरी प्लगची जाड पिन कापून टाकलेली असेल. जुनी चाळ असेल तर वायरमनला बोलवा. मल्टीमीटरवर फेज ते अर्थ २३० आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट दिसले तर चिन्ह चांगलं, पण मीटर फसवतो. एखाद्या धाग्याएवढ्या जोडावरही तो २३० दाखवेल. भार टाकून तपासणं वायरमनचं काम, ते तुम्ही करू नका. आणि कृपा करून नळाच्या पाइपला अर्थ बांधू नका. आपल्याकडे ही जुनी खोड आहे. पाइप मध्येच कुठेतरी प्लॅस्टिकचा झालेला असतो आणि मग तुमच्या झिणझिण्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना आंघोळ करताना बसतात.

अर्थिंग ठीक झालं की प्रिंटर आणि संगणक एकाच बोर्डावर लावा. झिणझिण्या गेल्या पाहिजेत. तरीही राहिल्या तर प्रिंटरच्या मेन्स केबलची अर्थ वायर आतून तुटली असेल, ती बदलायची.

भिंतीतून आता मशीनच्या आत येऊ. बीबीसी मायक्रो केंब्रिजच्या एकॉर्नने डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आणला. आपल्याकडच्या शाळांत तो १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या, शाळांत संगणक शिकवण्याच्या ‘क्लास’ प्रकल्पातून पोचला. म्हणजे तुमच्या मशीनचा पॉवर सप्लाय चाळिशीला आलाय, आणि मुंबईची हवा कशी असते ते सांगायला नको. आत मेन्सवर पिवळट पारदर्शक खोक्याचे कपॅसिटर असतात, अंगावर एक्स२ असं लिहिलेले. त्यांच्या कवचाला केसासारख्या भेगा पडतात, त्यातून पावसाळी दमट हवा आत शिरते आणि एके दिवशी तो फुटतो. खोलीभर असा घाण धूर होतो की शेजारी दार वाजवतात. गंमत म्हणजे मशीन बहुतेक वेळा तरीही चालू राहतं, पण धुराचा तेलकट थर सगळीकडे बसतो. भेगा दिसल्या तर फुटायची वाट बघू नका. तेवढ्याच किमतीचा, म्हणजे अंगावर जो आकडा असेल तोच, पॉलीप्रॉपिलीनचा एक्स२, २७५ व्होल्ट एसीचा घ्या. साधा डिस्क कपॅसिटर तिथे चालत नाही. एक्स२ हा बिघडताना आग न लावण्याचा दर्जा आहे, दुकानदार ‘तेच आहे’ म्हणाला तरी छापील अक्षरं वाचा.

पॉवर सप्लायचा डबा उघडायचा अनुभव नसेल तर तो कुणाकडून तरी करून घ्या. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतं. जमत असेल तर काम झाल्यावर थेट मदरबोर्डला जोडू नका. पाच व्होल्टच्या वायरींवर ४.७ ओहम, १० वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर लावा (साधारण एक अँपिअर ओढतो, चांगला तापतो, हात लावू नका) आणि मीटरवर ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये वाचन येतंय ना ते बघा. मग मशीन जोडा. मला स्वतःला एक तपासणी फार आवडते: तारा चिन्ह लावून मोटर १ टाईप करायचं. कॅसेट रेकॉर्डरची मोटर चालवायला आत एक इवलासा रिले आहे, तो ‘टिक्’ करतो. मोटर ० दिलं की पुन्हा टिक्. चाळीस वर्षांच्या बोर्डातून तो आवाज आला की बरं वाटतं.

एवढं झालं की मग केबल. मशीन उलटं करा. कनेक्टर सगळे तळाला, एका रांगेत: डिस्क ड्राइव्ह, प्रिंटर, यूजर पोर्ट (आपण बनवलेली उपकरणं जोडायला), एक मेगाहर्ट्झ बस आणि ट्यूब (हे दोन जादा उपकरणांसाठी). यातला खड्डा असा की डिस्क ड्राइव्ह आणि एक मेगाहर्ट्झ बस दोन्ही ३४ पिनांचे आहेत, एकाचं टोक दुसऱ्यात बिनबोभाट बसतं. तळावर नावं छापलेली असतात, ती वाचून, टॉर्च मारून लावा. अंदाजाने, मशीन न उलटता, बोटांनी चाचपून लावणारे मी पाहिले आहेत आणि नंतर त्यांची मशीनं दुरुस्तही केली आहेत. प्रिंटरचा २६ पिनांचा, यूजर पोर्ट २० पिनांचा. लॅमिंग्टन रोडला गेलात तर ‘२६ पिन एफआरसी’ (म्हणजे चपटी रिबन केबल) असंच मागा, आयडीसी म्हटलंत तर काही दुकानांत तोंडाकडे बघतात. पावतीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं दिसेल, घाबरू नका, तोच रस्ता. केबल क्रिम्प करून देतात. लाल कड म्हणजे एक नंबरची पिन, आणि मीटरहून फार लांब केबल नको.

फ्लॉपीचं तुमच्या बाबतीत सरळ नाही. चालू होताना तुम्हाला ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ आणि ‘बेसिक’ यांच्या मध्ये ‘एकॉर्न डीएफएस’ (डिस्क हाताळणारा प्रोग्राम) अशी ओळ दिसत नाही. म्हणजे तुमच्या मशीनला डिस्कचं नियंत्रण करणारी चिप आणि रॉम बहुधा बसवलेलेच नाहीत. बऱ्याच मशीनांना नसायचे, तेव्हा तो वेगळ्या खर्चाचा भाग होता. तळाला कनेक्टर दिसतोय म्हणून त्यामागे काही आहेच असं नाही. उघडून बघा. डिस्क इंटरफेस असेल तर गोटेक (फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसून पेनड्राइव्ह वाचणारा डबा) घ्या, त्यात फ्लॅशफ्लॉपी हे सॉफ्टवेअर टाका, जंपर एस-शून्यवर, आणि सेटिंगच्या फाइलमध्ये इंटरफेस शुगार्ट, होस्ट एकॉर्न. गोटेकला फक्त पाच व्होल्ट लागतात आणि ते मशीनच्या तळाच्या पॉवर सॉकेटमधून मिळतात. तिथून पाच आणि बारा व्होल्ट प्रत्येकी सव्वा अँपिअरपर्यंत घेता येतात, गोटेकला त्याच्या निम्मेही लागत नाहीत.

इंटरफेस नसेल तर यूजर पोर्टवर एसडी कार्ड लावायची पद्धत आहे, सोबत ते कार्ड वाचणारा एमएमएफएस नावाचा रॉम बसवावा लागतो. स्वस्त आणि मस्त. पण यूजर पोर्ट एकच आहे, आणि मखरातले दिवेही तुम्हाला तिथूनच चालवायचेत. तेव्हा ठरवा. माझं मत विचाराल तर या गणपतीपुरतं एसडी कार्ड बाजूला ठेवा. प्रोग्राम दहा ओळींचा असेल, तो मोबाइलमध्ये कॅसेटसारखा रेकॉर्ड करून ठेवता येतो, सात पिनांच्या कॅसेट सॉकेटमधून. १२०० बॉडवर काही सेकंदांत परत चढतो. मोबाइलचा आवाज जवळपास पूर्ण ठेवा आणि इक्वलायझर बंद करा, एवढंच पथ्य.

दिव्यांवर मात्र जरा थांबतो, कारण इथेच लोक मशीन मारतात.

यूजर पोर्टवर आठ लायनी आहेत, सरळ आठ बिट. पिन ६ वर पहिला बिट, मग ८, १० असं करत २० वर आठवा. पिन १ आणि ३ वर पाच व्होल्ट, आणि ५ पासून पुढच्या सगळ्या विषम पिना ग्राउंड. हा पोर्ट चालवणारी आतली चिप ६५२२. ती फार तर दीड-दोन मिलिअँपिअर झेलते. एक साधा एलईडीही तिला जड जातो, एलईडींची पट्टी तर सोडाच. आणि पाच व्होल्टच्या पिनेवरून पट्टी चालवण्याचा मोह टाळा, तो करंट तुमच्या मदरबोर्डाच्या बारीक तांब्यातून येतो.

मी मध्ये दोन चिपा ठेवतो. आधी ७४एचसीटी५४१, मग यूएलएन२८०३. खरं काम यूएलएनचं: प्रत्येक लायनीला एक मजबूत स्विच, जो पट्टीचं ऋण टोक ग्राउंडला खेचतो. ५४१ तिला नीट पातळीचा सिग्नल देते, कारण जुनी ६५२२ वर खेचताना अशक्त असते. पण तिचं दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं: दिव्यांकडून काही उलटं आलंच तर आधी ती मरते. ती कुठेही मिळते. ६५२२ शोधायला फिरावं लागतं, आणि बाजारात घासून नवं नाव छापलेल्या चिपाही भेटतात. (नवी घ्यायची वेळ आलीच तर डब्ल्यू६५सी२२ एन घ्या, एस नको, एसची इंटरप्टची पिन वेगळ्या घडणीची आहे आणि या बोर्डावर भांडते.)

पट्टी १२ व्होल्टची, ६० बारीक एलईडी प्रतिमीटरवाली घेतलीत तर मीटरला साधारण ०.४ अँपिअर. यूएलएनवर एका लायनीला ५०० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं, पण ते आठही एकदम नव्हे. प्रत्येक स्विच स्वतःवर व्होल्टभर खातो आणि तेवढाच तापतो. म्हणून लायनीला अर्धा मीटर आणि एका वेळी दोन-तीन लायनी चालू, असा नाच बसवा. तसंही धावते दिवे त्यातच शोभतात. पट्टीला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर, त्याचं धन टोक सगळ्या पट्ट्यांना, आणि ऋण टोक यूएलएनच्या ९ नंबरच्या पिनेला आणि यूजर पोर्टच्या ग्राउंडला. हा ग्राउंडचा धागा विसरला की दिवे भुतासारखे लुकलुकतात.

मशीन चालू केल्या केल्या सगळे दिवे एकदम लागले तर दचकू नका. सुरुवातीला पोर्ट इनपुट अवस्थेत असतो आणि लायनी वर ओढलेल्या असतात. बेसिकमध्ये आधी प्रश्नचिन्ह, &एफई६० आणि बरोबर ०, मग प्रश्नचिन्ह, &एफई६२ आणि बरोबर २५५. पहिल्याने बिट शून्य केले, दुसऱ्याने आठही लायनी आउटपुट केल्या. क्रम हाच ठेवा. त्यानंतर &एफई६० मध्ये १ टाका, पहिली पट्टी. २, ४, ८ असं दुप्पट करत गेलात की दिवा मखराच्या कमानीवरून पुढे सरकतो.

२३० व्होल्टच्या झुंबराला रिले लावून चालवावं का, असं पुढे विचाराल. मखराला कापड असतं, खाली समई असते आणि घरभर लहान मुलं असतात. नको.

पावसाळा चालू आहे तोवर मशीन वापरात नसताना सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. तळाच्या पिना हिरवट दिसत असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरे, पॉलिश पेपर नको.

आणि एक हौस म्हणून सांगतो. तुमचा तो ‘हेड गेलेला’ प्रिंटर देवनागरीही छापेल. ग्राफिकचा कोड पाठवला की तो एकेक उभा स्तंभ आठ ठिपक्यांनी मारतो, आणि सर्वात वरच्या ठिपक्याची किंमत १२८. म्हणजे शब्दाच्या प्रत्येक स्तंभात १२८ मिळवत गेलात की शिरोरेखा तयार. बेसिकमध्ये व्हीडीयू १, २७, १, ७५, मग तसंच एकेक १ लावून स्तंभांची संख्या आणि ठिपके. मी पहिल्यांदा ‘श्री’ छापला तेव्हा रेघोट्यांच्या वहीवर दोन संध्याकाळी गेल्या होत्या.

आता मशीन उघडलंत की पॉवर सप्लायच्या आतला, आणि मदरबोर्डाच्या डिस्क कनेक्टरमागच्या भागाचा, असे दोन फोटो टाका. तिथे चिप आहे की रिकामी भोकं, ते बघून गोटेक घ्यायचा की नाही ते सांगतो. तोवर प्रिंटरची केबल काढून ठेवा.